ब्लँकेट देण्याआधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर आला की चर्चच्या तरुणांनी ब्लँकेटं वाटल्याचा फोटो आपल्या पानावर येतो. जरूर यावा. पण आमच्या तरुण संघाचं काम तेवढंच, असा समज त्यातून होतो. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, वडीलधाऱ्यांचाही तोच समज आहे, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त परिचारिका, पुण्यातल्या पंचहौद चर्चच्या घंटेच्या आवाजात वाढलेली. गेल्या पावसाळ्यात आमची मुलं एका मोठ्या रुग्णालयाबाहेर ब्लँकेटं घेऊन निघाली होती. मी म्हटलं, आधी दोन रविवार रिकाम्या हातांनी जा आणि नातेवाइकांशी नुसतं बोला. परत आली ती गप्पच. एका बाईकडे तीन ब्लँकेटं आधीच होती. तिला हवं होतं ते वेगळंच. नवऱ्याच्या खाटेशी कुणी दोन तास बसलं, तर तिला अंघोळ करून, कपडे धुऊन येता आलं असतं. चार दिवस ती अंगावरच्या साडीतच होती.

तेव्हापासून वॉर्डच्या सिस्टरांना विचारून मुलांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्यात. उपासनेला शेवटच्या बाकावर बसून आशीर्वादाआधीच सटकणारा एक मुलगा परवा वेल्ह्याकडच्या एका आजोबांची दाढी करत होता. गालाची कातडी बोटांनी ताणून धरायची, हे मी त्याला एकदाच दाखवलं होतं. आजोबांनी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं आणि तो साबण वाळेल म्हणून घाईही करत नव्हता. मला ती प्रार्थनाच वाटली.

बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डाइन यांनी हीच रीत घालून दिली. शाळेतले सोबती गिरण्या-कारखान्यांत गेले आणि चर्चपासून तुटले, हे त्यांना सलत होतं. त्यांची तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ 1925 मध्ये उभी राहिली. पाहा, पारखा, मग कृती करा, ही तिची शिस्त. पोप तेविसावे जॉन यांनी 1961 च्या परिपत्रकात तिचा पुरस्कार केला. ते कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट; चांगलं ते घ्यायला काय हरकत? आणि पंडिता रमाबाई तरी काय वेगळं करत होत्या? 1897 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, डोळ्यांनी पाहिलं आणि मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच वाढलं.

धर्मांतराचं काय, असं लोक विचारतात. सरळ सांगते: खाटेशी बसलेल्याने पत्रक काढायचं नाही, धर्म विचारायचा नाही, हा मुलांनीच केलेला नियम आहे. आजाऱ्याची विचारपूस करा, हे येशूचं सांगणं आहे. त्यापुढे अट नाही.

मंडळीच्या पंचांना माझी विनंती आहे. तरुण उपासनेला किती आले, हे मोजणं थांबवा. नाताळच्या रोषणाईतले थोडे पैसे त्यांच्या रिक्षाभाड्याला द्या, आणि पंचांच्या बैठकीत त्यांना बोलू द्या. संपादक महाशय, आपला वार्ताहर एखाद्या साध्या रविवारी पाठवा, पण रुग्णांचे फोटो नकोत.

शनिवारी दुपारी चार ते सहा ही पाळी अजून रिकामी आहे. कुठल्याही धर्माचा तरुण चालेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
गुरुवार पेठ, पुणे