सगळ्यालाच 'प्लास्टिक' म्हणू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्लास्टिकबंदी, कचऱ्याचे वर्गीकरण आणि पुनर्वापर या विषयांवरच्या बातम्या आपल्या आणि इतर मराठी दैनिकांत नियमितपणे येतात. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरांचा, पाठ हा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा होता, म्हणून या बातम्या मी बारकाईने वाचते. त्यांत दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, नळाचा पाइप, थर्माकोलचे मखर आणि फोमची गादी या सगळ्यांना 'प्लास्टिक' हे एकच नाव दिलेले आढळते. ज्वारी, गहू, तांदूळ आणि तूर या सर्वांचा भाव 'धान्य' या एका शब्दाखाली छापला, तर शेतकऱ्याला त्याचा काही उपयोग होणार नाही. कचरा वेगळा करणाऱ्या वाचकाची आज तशीच अडचण होते, असे मला वाटते. त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुळात बहुवारिक म्हणजे काय, हे समजायला घरातल्या दोन वस्तू पुरेत. मेणबत्तीचे मेण आणि दुधाची पिशवी या दोन्हींचे रेणू कार्बन आणि हायड्रोजन यांचेच असतात आणि त्यांच्या साखळीची घडणही एकाच धर्तीची असते. मात्र मेणाच्या साखळीत साधारण वीस ते चाळीस कार्बन अणू असतात आणि पिशवीच्या पॉलिथीनमध्ये ते हजारोंच्या संख्येने असतात. साखळी लहान म्हणून मेण नखाने खरवडता येते आणि चटकन वितळते. तीच साखळी फार लांब झाली, की रेणू एकमेकांत गुंततात आणि त्यांचा चिवट पापुद्रा बनतो, ज्यात आपण अर्धा लिटर दूध निर्धास्तपणे घरी आणतो. 'पॉलिमर' हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'अनेक' आणि 'भाग' या अर्थाच्या शब्दांपासून आला. मराठी विश्वकोशाने आणि आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांनी त्याला 'बहुवारिक' आणि त्याच्या पुन्हा पुन्हा जोडल्या जाणाऱ्या लहान घटकाला 'एकवारिक' असे चांगले शब्द दिले आहेत. ते वर्गाबाहेर फारसे आलेच नाहीत, याची मला खंत आहे.

इतकी लांब साखळी खरोखर एकसंध रेणू असू शकते, यावर शंभर वर्षांपूर्वी पुष्कळ नामवंत रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. रबर किंवा सेल्युलोज हे लहान रेणूंचे नुसते पुंजके आहेत, असे ते मानत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये, हे रेणू खरोखर प्रचंड मोठे असून नेहमीच्या रासायनिक बंधांनीच जोडलेले असतात, असे मांडले आणि त्यासाठी वर्षानुवर्षे टीका सोसली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली. म्हणजे हे शास्त्र तसे तरुण आहे. पण ज्या पदार्थांचे ते शास्त्र आहे, ते पदार्थ मात्र माणसाहूनही जुने आहेत.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण बहुवारिक म्हणजे कारखान्यात बनणारे काहीतरी, असा समज सार्वत्रिक आहे. कापूस, लोकर, रेशीम, रबर, साबुदाण्यातला स्टार्च, आपल्या स्नायूंतली प्रथिने आणि पेशींतला डीएनए ही सारी बहुवारिकेच आहेत. वर्गात मी ज्वारीचे उदाहरण देत असे. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च ग्लुकोजच्या घटकांचा बनलेला असतो आणि तिच्या कडब्यातले सेल्युलोजही ग्लुकोजच्याच घटकांचे बनलेले असते. फरक आहे तो एका ग्लुकोजचा हात पुढच्या ग्लुकोजने कोणत्या बाजूने धरला आहे, एवढाच. रसायनशास्त्रात या दोन जोडण्यांना अल्फा आणि बीटा म्हणतात. अल्फा जोडणी तोडणारी विकरे (एन्झाइम) आपल्या लाळेत आणि आतड्यात आहेत, बीटा जोडणी तोडणारी नाहीत. म्हणून भाकरी आपण खातो आणि कडबा बैलापुढे टाकतो. बैलालाही तो पचतो, तो त्याच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने. एकवारिक तेच असूनही जोडणी बदलली की पदार्थ असा बदलतो. हे ज्याला उमगले त्याला बहुवारिकांच्या वर्गीकरणाची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वर्गीकरणाची पहिली, सोपी रीत म्हणजे उगमावरून: नैसर्गिक, अर्धकृत्रिम आणि कृत्रिम. कापूस नैसर्गिक, लाकडातले सेल्युलोज विरघळवून पुन्हा धाग्याच्या रूपात आणलेले रेयॉन अर्धकृत्रिम आणि नायलॉन कृत्रिम. पण या रीतीवर विसंबून बातमी लिहिली, तर मोठी चूक होण्याचा संभव असतो. 'वनस्पतीपासून बनवलेले, म्हणून आपोआप कुजणारे' हे समीकरण मी अनेकदा वाचले आहे आणि ते बरोबर नाही. ब्राझीलमध्ये उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथीन बनवले जाते. त्याचा उगम शेतात असला तरी ते खनिज तेलापासून बनवलेल्या पॉलिथीनसारखेच टिकते, कारण रेणू तोच आहे. उलट, पीबीएटी नावाचे बहुवारिक प्रामुख्याने खनिज तेलापासून बनत असूनही त्याचे जैविक विघटन होते. मक्याच्या स्टार्चपासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्ल कुजते खरे, पण त्यासाठी साधारण ६० अंश सेल्सिअस तापमान राखणारा कंपोस्ट प्रकल्प लागतो. परसातल्या खड्ड्यात ते दीर्घकाळ तसेच राहते. पदार्थ कुठून आला आणि तो कुठे जाईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बातमीतही ते वेगळेच ठेवायला हवेत.

कचऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी वर्गीकरण उष्णतेवरचे आहे. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, नळाच्या पाइपचे पीव्हीसी, थर्माकोलचे पॉलिस्टायरीन ही उष्मामृदू बहुवारिके होत. त्यांच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधाने बांधलेल्या नसतात, म्हणून ती तापवली की मऊ होतात आणि पुन्हा साच्यात घालता येतात. बेकलाइट आणि मेलामाइन ही उष्मादृढ. तयार होतानाच त्यांच्या साखळ्यांमध्ये आडवे बंध पडून त्रिमितीय जाळे बनते आणि ते एकदा बनले की वितळत नाही, फार तापवल्यास करपते. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बनवलेले बेकलाइट आजही कुकरच्या मुठीला वापरतात, ते याच गुणामुळे. आणि भंगारात त्या मुठीचा पुन्हा साचा होत नाही, तेही याच गुणामुळे. रबराची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे: १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह तापवलेले रबर चिकट न राहता लवचिक होते असे आढळले, त्याचे कारण साखळ्यांमध्ये पडलेले गंधकाचे मोजके पूल हे होय.

घडणीच्या प्रक्रियेवरून होणारे वर्गीकरण पाठ्यपुस्तकांत 'समावेशन' आणि 'संघनन' अशा दोन कप्प्यांत शिकवले जाते. ही विभागणी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरदर्स यांनी १९२९ मध्ये केली: एकवारिके काहीही न गमावता जोडली गेली तर समावेशन आणि जोडताना पाण्यासारखा लहान रेणू बाहेर पडला तर संघनन. फोमच्या गादीतले पॉलियुरेथेन बनताना, मुख्य अभिक्रियेत असा लहान रेणू बाहेर पडत नाही, तरी त्याची साखळी वाढण्याची पद्धत संघननासारखीच असते. म्हणून पुढे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांनी बाहेर काय पडते याऐवजी साखळी कशी वाढते याला महत्त्व दिले: एकेक एकवारिक वाढत्या टोकाला जोडले जाणे, किंवा कोणत्याही दोन तुकड्यांनी एकमेकांशी जोडले जाणे. माझ्या मते शाळेतही हीच रीत आधी शिकवावी, कारण ती मुलांना पटकन समजते.

आता नावांकडे वळते, कारण सर्वाधिक घोटाळा तेथेच होतो. साधा नियम असा, की ज्या एकवारिकापासून पदार्थ बनला त्याच्या नावाआधी 'पॉली' लावायचे: इथिलीनपासून पॉलिइथिलीन, स्टायरीनपासून पॉलिस्टायरीन. एकवारिकाचे नाव दोन शब्दांचे असेल, तर आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार ते कंसात लिहायचे, म्हणजे 'पॉली' हे संपूर्ण नावाला लागू आहे हे कळते. व्यवहारात हा कंस गळतो आणि अर्थ बिघडतो. पाण्याच्या बाटलीचे बहुवारिक म्हणजे पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट, ज्याला आपण 'पेट' म्हणतो. कंस नसल्यामुळे वाचणाऱ्याला वाटते, की हा पॉलिइथिलीनचाच, म्हणजे पिशवीच्या पॉलिथीनचाच, एक प्रकार असावा. उत्तरपत्रिकांत ही चूक मी शेकडो वेळा लाल शाईने खुणावली आणि नंतर ती बातम्यांतही पाहिली. वास्तविक त्यात पॉलिइथिलीन मुळीच नाही. इथिलीन ग्लायकॉल आणि टेरेफ्थॅलिक आम्ल यांपासून बनलेले ते पॉलिएस्टर आहे. इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये याच बहुवारिकाचा धागा शोधला, तो टेरिलीन या नावाने विकला गेला आणि कापसाशी त्याचे मिश्रण करून आपल्याकडे 'टेरिकॉट'चे सदरे आले. आमच्या पिढीने वर्षानुवर्षे अंगावर घातलेला धागा आणि आजची पाण्याची बाटली रसायनदृष्ट्या एकच आहेत, हे 'प्लास्टिक' या शब्दातून कधीच कळणार नाही.

एकवारिकावरून नाव देण्याच्या रीतीलाही मर्यादा आहेत. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या नावावरून ते व्हिनाइल अल्कोहोलपासून बनत असेल असे वाटते, पण ते एकवारिक स्थिर राहतच नाही. प्रत्यक्षात आधी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट बनवून त्याचे रूपांतर करावे लागते. म्हणून साखळीत प्रत्यक्ष काय आहे त्यावरून नाव देण्याची दुसरी रीत आययूपॅकने ठरवली आहे. तिच्यानुसार पॉलिइथिलीनचे नाव पॉलिमिथिलीन होते. संशोधकांसाठी ती योग्यच आहे, वर्तमानपत्राने तिच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

नायलॉनचे आकडे मात्र वाचकांना जरूर सांगावेत. कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये बनलेल्या नायलॉन ६६ चा उच्चार 'सहासष्ट' असा नसून 'सहा-सहा' असा आहे: पहिला सहा म्हणजे डायअमाइन या एका घटकातले कार्बन, दुसरा सहा म्हणजे आम्ल या दुसऱ्या घटकातले कार्बन. नायलॉन ६१० मध्ये दहा कार्बनांचे आम्ल असते आणि ते एरंडेल तेलापासून मिळवतात. नुसत्या नायलॉन ६ मध्ये घटक एकच, सहा कार्बनांचा. एवढ्याशा आकड्यात अख्खी घडण सांगणारे नाव मला फार सुंदर वाटते.

हे सारे केवळ पाठांतराचे नाही. पेट वितळायला सुमारे २५० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पीव्हीसी त्याच्या पुष्कळ आधीच विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडते. त्यामुळे पेटच्या ढिगात पीव्हीसीचे थोडे तुकडे मिसळले तरी माल खराब होतो. भंगाराच्या धंद्यातली माणसे 'एलडी' (कमी घनतेचे पॉलिथीन), 'एचडी' (जास्त घनतेचे पॉलिथीन), 'पीपी' (पॉलिप्रॉपिलीन), 'पेट' ही नावे रोज वापरतात, ती याच कारणाने. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात छापलेला १ ते ७ हा आकडाही नावच सांगतो: १ म्हणजे पेट, २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिथीन, ३ पीव्हीसी, ४ कमी घनतेचे पॉलिथीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकीचे सर्व. ही खूण १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणली. ती वस्तू पुनर्वापरासाठी नक्की घेतली जाईल, असे आश्वासन त्या आकड्यात नाही; मूळच्या बाणांच्या त्रिकोणामुळे लोकांचा तसा समज होत असे, म्हणून २०१३ मध्ये प्रमाणकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण ठरवण्यात आला.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध आणले आणि जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून टाकायच्या काही वस्तूंवर बंदी आली. अशा निर्णयांच्या बातम्यांत वस्तूच्या नावाबरोबर तिच्या बहुवारिकाचे नाव आणि त्रिकोणातला आकडा एकदा तरी द्यावा आणि आठवड्यातून एकदा एकेका बहुवारिकाची ओळख करून देणारी छोटी चौकट छापावी, अशी माझी आपणास विनंती आहे. पहिल्या चौकटीसाठी एक प्रयोग सुचवते, जो कोणत्याही घरी करता येईल. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा एक तुकडा आणि तिच्या झाकणाचा एक तुकडा कापून, हवेचे बुडबुडे पुसून, पाण्याने भरलेल्या पातेल्यात सोडावेत. बाटलीचा तुकडा तळाला जातो, कारण पेटची घनता पाण्यापेक्षा जास्त, त्याच्या सुमारे १.३८ पट आहे, झाकणाचा तुकडा तरंगतो, कारण ते पॉलिप्रॉपिलीनचे किंवा जास्त घनतेच्या पॉलिथीनचे असते. पुनर्वापराच्या कारखान्यांतही याच रीतीने ही दोन बहुवारिके एकमेकांपासून वेगळी करतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र अध्यापिका, सांगली