गोल २४ फुटांचा, गोलकीपर साडेचार फुटांचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवते. पत्र फुटबॉलबद्दल आहे, पण त्यात मापं बरीच येतील. हाताला लागलेली सवय, काय करणार.

डिसेंबरच्या शेवटी आमच्या पोरांची १२ वर्षांखालची टीम गोव्यात एका स्पर्धेला गेली. १४ पोरं, त्यांचे सर आणि आम्ही ९ पालक. पहाटे चारला मिनी बस निघाली. निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोलीला पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. घाट उतरताना तीन पोरं आणि एक बाप ओकला. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, पाच किलो भडंग, लाडवांचा डबा, सगळं आम्ही बरोबर घेतलेलं. पोरांनी मात्र दोन्ही दिवस सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येणाऱ्या पाववाल्याचे गरम पावच खाल्ले. भडंग जसंच्या तसं परत आलं.

माझा मुलगा गोलकीपर आहे. २०१७ ला आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून पेठेतल्या प्रत्येक बापाला आपल्या घरात फॉरवर्ड जन्मलाय असं वाटतं. गोलात उभं राहायला कुणी तयार नसतं. माझा मुलगा आपणहून उभा राहिला. त्याला ते आवडतं, कारण विचारलं तर म्हणतो, "हात लावायला एकट्यालाच परवानगी असती नव्हं."

पहिली मॅच आम्ही १-० नं जिंकलो. दुसरी ७-० नं हरलो. त्या सातातले पाच गोल त्याच्या डोक्यावरून आणि बारच्या, म्हणजे वरच्या आडव्या दांडीच्या, खालून गेले. समोरच्या टीमच्या सरांनी पहिल्या दहा मिनिटांतच ओळखलं होतं. बाहेरून ते पोरांना ओरडून सांगत होते, पास नको, लांबूनच वर टाक. पोरं सांगितलेलं ऐकतात. मग मॅच राहिलीच नाही. कुणीतरी बॉल उंच उडवायचा आणि माझ्या पोरानं तो आत पडताना बघायचा, एवढंच उरलं.

आणि आम्ही पालक? आम्ही कोल्हापूरचं शाहू स्टेडियम गोव्याला नेलं होतं. "उडी मार की!", "झोपलाईस काय?", "बदला रे त्याला!" आपल्या पेठांच्या मॅचला हे चालतं, तिथं खेळणारेही मोठे आणि ऐकून घेणारेही मुरलेले. इथं ऐकणारा ११ वर्षांचा होता. दुसऱ्यांना कशाला बोलू, चौथ्या गोलाला मीच दोरीपाशी जाऊन ओरडले, "अरे, हात वर कर की!"

त्याचे हात वरच होते.

तो वळला नाही. हात तसेच वर ठेवून उभा राहिला, बॉल जाळीतून काढून दुसऱ्या कुणीतरी मधे मारेपर्यंत. मी परत येऊन खुर्चीवर बसले आणि पुढची मॅच मला दिसली नाही.

संध्याकाळी मैदान रिकामं झालं तेव्हा पर्समधून टेप काढली. टेप माझ्याकडं कायम असते, लग्नातसुद्धा. दुसऱ्या एका पोराच्या आईला एक टोक धरायला लावलं. आमची टेप ६० इंचांची. गोलाच्या रुंदीत ती चार वेळा पूर्ण बसली आणि वर ४८ इंच. म्हणजे २८८ इंच, २४ फूट. खांब जमिनीपासून बारपर्यंत ९६ इंच, ८ फूट. मग मुलाला मधे उभं केलं, जसं गणवेशाचं माप घेताना करते तसं. उंची ५५ इंच. हात वर, बोटं ताणून, ७०. म्हणजे बोटांच्या टोकापासून बारपर्यंत २६ इंच मोकळे, सव्वादोन फुटांना एकच इंच कमी. दोन्ही हात पसरले तर ५५ इंच झाकले जातात, उरलेले १९ फूट उघडे. शर्टाच्या मापात एक इंच इकडचं तिकडं झालं तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं.

दुसऱ्या दिवशी संयोजकांना गाठलं. गृहस्थ भले होते, राहायची सोय त्यांनी चांगली केली होती, पाण्याला कमी पडू दिलं नव्हतं. ते म्हणाले, "बाई, गोल फिफाच्या मापाचा आहे. एक इंच कमी नाही, जास्त नाही." खरंच होतं. ८ फूट बाय २४ फूट हे मोठ्या माणसांचं माप बरोबरच आहे. पण परतीच्या वाटेवर सरांनी मोबाइलवर नियमांचं पुस्तकच उघडून दाखवलं. खेळाचे नियम करणाऱ्या मंडळानंच त्यात लिहिलंय की मुलांच्या खेळासाठी मैदान, बॉल, गोलाची उंची-रुंदी, खेळाचा वेळ हे सगळं कमी करायला देशोदेशीच्या संघटनांना मुभा आहे. इंग्लंडात, जिथनं हा खेळ आपल्याकडं आला, तिथं १२ वर्षांखालची पोरं ९-९ जणांत खेळतात आणि त्यांचा गोल १६ फूट बाय ७ फूट असतो. बॉलही चार नंबरचा, हलका. आमच्या पोरांना ११-११ जण, पूर्ण मैदान आणि पाच नंबरचा बॉल होता.

हे पत्र गोव्यावर राग म्हणून लिहीत नाही. तिथं फुटबॉल हा राज्याचा खेळ आहे, आणि चहाच्या टपरीवरच्या एका म्हाताऱ्या काकांनी माझ्या रडवेल्या पोराला शेजारी बसवून सांगितलं, की ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कॅप्टन झाला तो गोलात उभा राहूनच, आणि तो इथलाच. पोरानं त्यांचा अख्खा पाव संपवला. पत्र लिहितेय ते आपल्या लोकांसाठी, कारण आपल्याकडं वेगळं काही चालत नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरात पोरांच्या स्पर्धा सुरू होतील, आणि त्याच मोठ्या गोलात ही पोरं पुन्हा उभी राहतील. याचा परिणाम काय होतो ते तीन वर्षं बघतेय. टीममधला सगळ्यात उंच पोरगा पकडून गोलात घालतात, त्याला आवड असो नसो. चपळ पण बुटका पोरगा वर्षभरात सोडून देतो. आणि पुढं खेळणारी पोरं पास द्यायच्याऐवजी वरून टाकायला शिकतात, कारण त्यानं गोल होतो.

कुणी म्हणेल, वेगळे गोल आणायचे कुठून? माझे मिस्टर उद्यमनगरात वेल्डिंगच्या शेडमध्ये आहेत. त्यांनी हिशेब मांडला. दोन इंची जीआय पाइप, मागची चौकट, वेल्डिंग, पांढरा रंग, सगळं धरून जोडीला २०-२२ हजार. ट्रॉफ्या, फ्लेक्स आणि साऊंड सिस्टिमवर जाणाऱ्या पैशांत हे बसतं. फक्त एक काळजी घ्यावी लागते, आणि ती मिस्टरांनी तीनदा लिहायला सांगितली: सुटा गोल नुसता ठेवायचा नाही. पोरं बारला लोंबकळतात आणि अख्खी चौकट अंगावर येते. मागच्या पाइपवर वाळूची पोती टाकायची नाहीतर खुंट्या ठोकून बांधायचा.

आणखी एक फायदा आहे. छोटे गोल असले की मोठ्या मैदानात आडवी दोन मैदानं बसतात. दोन मॅच एका वेळी होतात. आमची तिसरी मॅच दुपारी साडेबाराला लावली होती, कारण मैदान एकच आणि टीम बारा. उन्हात पोरांचे चेहरे लाल झाले होते, आणि रेफरी, तो तरी कोण, विशीतला पोरगा, शिट्टी तोंडात धरून पाणी शोधत होता. त्यालाही आमच्यातल्या एकानं आईवरून शिवी दिली. मॅच ०-० सुटली.

संयोजकांना एवढंच म्हणणं आहे की या सुट्टीत निदान १२ वर्षांखालच्या गटाला तरी १६ बाय ७ चा गोल लावा. पालकांना दोरीच्या आत येऊ देऊ नका, मलासुद्धा. पहिला गोल मिस्टरांनी स्वतःच्या खर्चानं बनवलाय. शेडच्या बाहेर उभा आहे. कुणाला माप घ्यायचं असेल, फोटो काढायचा असेल, तर येऊन घ्या, पैसे नाहीत. दुसरा पुढच्या महिन्यात होईल.

रविवारी मुलाला तिथं घेऊन गेले. मधे उभा राहून त्यानं हात वर केले. सात फुटांचे ८४ इंच, त्यातून ७० गेले, १४ इंच उरले. उडी मारल्यावर किती उरतात ते बघायला मी टेप वर धरली, तर म्हणाला, "आई, ती आत ठेव आधी. बॉल टाक."

आपली,
एका गोलकीपरची आई
मंगळवार पेठ, कोल्हापूर