नाव बदलले आहे, फोटो तोच आहे

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतल्या तिन्ही 'केस स्टडी' मी दोनदा वाचल्या. एकदा सरळ आणि एकदा हातात लाल पेन घेऊन. निवृत्त झाले तरी ती खोड जात नाही. एक शाळा पालटली, एक मुलगी चमकली, एक कंपनी वाढली. तिन्ही मजकुरांत एकही मूल नापास झालेलं नाही, एकाही शिक्षकाने रजा घेतलेली नाही, एकही यंत्र बंद पडलेलं नाही. अशी शाळा २८ वर्षांच्या नोकरीत माझ्या वाट्याला आली नाही, म्हणून पानाच्या तळापर्यंत शोधत गेले. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत 'सौजन्य' सापडलं. पुरवणीबरोबर एक भिंगही पाठवलं असतंत तर उपकार झाले असते.

एवढंच असतं तर पत्र लिहिलं नसतं. जाहिराती आम्हालाही कळतात. पण त्या मुलीच्या फोटोखाली 'नाव बदलले आहे' हे शब्द वाचले आणि माझं डोकं फिरलं. चेहरा समोरून, स्वच्छ उजेडात, पानभर मोठा. नाव तेवढं बदललं! तिच्या वर्गातली मुलं तिला काय नावावरून ओळखतात?

डोकं फिरायला कारण आहे. मी स्वतः एका छापील पुस्तिकेतल्या केस स्टडीत आहे. माझंही नाव नाही, पण मी आहे. 'सुरुवातीला बदलाला विरोध करणाऱ्या ज्येष्ठ गणित शिक्षिका' ती मी.

आमच्या शाळेत एका कंपनीने टॅबलेट दिले, ३१ मुलांच्या तुकडीला ३१. वर्गात विजेचे प्लग तीन. हे चार्ज कसे करायचे, एवढंच मी पहिल्या बैठकीत विचारलं. तो माझा विरोध. पुढे चार महिने टॅबलेट कपाटात पडून होते, कारण मुलांचे पासवर्डच आले नव्हते. तो मात्र विरोध नव्हता, त्याला 'अंमलबजावणीचा पहिला टप्पा' म्हणतात असं मला पुस्तिका वाचून कळलं. प्रत्यक्ष वापर झाला तो परीक्षेआधीचे अडीच महिने, तोही आठवड्यातून दोन तास.

निकाल लागला. आदल्या वर्षी ६४ टक्के, यंदा ८४. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर चढती कमान आणि खाली 'निकालात २० टक्के वाढ'. (वाढ २० टक्क्यांची नव्हे, २० टक्केबिंदूंची, म्हणजे दोन टक्केवारींतला नुसता फरक. पण जाऊ द्या, हे मी सहकाऱ्यांनाही कधी समजावू शकले नाही.) आता आकडे बघा. आदल्या वर्षी वर्गात ४२ मुलं होती, त्यातली २७ उत्तीर्ण झाली. यंदा तुकडीत ३१, त्यातली २६ उत्तीर्ण. म्हणजे पास होणारं एक मूल कमीच झालं. मग ती ११ मुलं गेली कुठे? प्रयोग सुरू होण्याआधी तुकड्यांची फेरवाटणी झाली होती आणि गणितात सर्वांत कच्ची ११ मुलं दुसऱ्या तुकडीत पाठवली होती, 'उपकरणांची संख्या मर्यादित असल्याने'. त्या तुकडीचा निकाल पुस्तिकेत नाही. मी पाठवला होता. 'जागेअभावी' घेता आला नाही म्हणे. मात्र छापील शुभेच्छांना दोन पानं मिळाली.

आणि तो मुलगा. पुस्तिकेत त्याचं नाव 'समीर (नाव बदलले आहे)'. फोटोत हातात टॅबलेट, आणि टॅबलेट बंद! नीट पाहिलं तर काळ्या काचेत फोटो काढणारा दिसतो. शेजारी मोठ्या अक्षरांत त्याचं वाक्य: 'आता मला गणिताची भीती वाटत नाही.' या मुलाला गणिताची भीती कधीच नव्हती. त्याची मोठी बहीण रोज संध्याकाळी त्याच्याकडून गणितं सोडवून घ्यायची, आणि त्याची वही मी दर आठवड्याला तपासत होते. पुस्तिका हातात पडल्यावर तो शिक्षकखोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाई, मी असं कधी म्हणालो?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढे वर्षभर वर्गातली मुलं त्याला 'समीर' म्हणूनच हाक मारत. नाव बदलल्याचा उपयोग झाला तो हा. बहिणीचा पुस्तिकेत उल्लेख नाही. तिला विकता येत नाही ना.

बरं, केस स्टडी हा प्रकारच वाईट, असं मी म्हणत नाही. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये पहिली लिखित केस १९२१ साली वापरली गेली, एका बूट कंपनीची. त्यांच्या केसमध्ये एखादा माणूस पेचात सापडलेला असतो, आणि निर्णय घ्यायच्या आधीच मजकूर थांबतो. पुढचं वर्गाने ठरवायचं. शिवाय ही केस म्हणजे कुणाची शिफारस नव्हे, अशी टीप ते खाली छापतात. तुमच्या तिन्ही मजकुरांत पेच कुठे होता? सगळे निर्णय बरोबर, तेही पहिल्याच फटक्यात.

कौतुक अंगाशी कसं येतं याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या अटलांटाचं घ्या. तिथल्या शाळांचे गुण वाढले म्हणून शिक्षणप्रमुख बाईंना २००९ साली देशातल्या सर्वोत्तम अधीक्षकाचा सन्मान मिळाला. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांत उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्याचं बाहेर आलं, १७८ शिक्षक-मुख्याध्यापक त्यात गुंतलेले. सन्मान देताना खोडरबराच्या खुणा कुणी मोजल्या नव्हत्या. कंपन्यांचंही तेच. ऑल्टस्कूल ही शाळांची कंपनी २०१३ साली निघाली, पुढे मार्क झुकरबर्गसारख्यांनी पैसा घातला, उद्याची शाळा म्हणून लेखांवर लेख आले. २०१९ मध्ये तिने शाळा दुसऱ्याच्या हवाली केल्या, नाव बदललं आणि नुसतं सॉफ्टवेअर विकायला घेतलं. खरी केस स्टडी तिथून सुरू होते, पण ती लिहायला 'सौजन्य' कोण देणार?

तुमच्या पहिल्या मजकुरातली शाळा लहान आहे, म्हणून यशस्वी आहे, असं लेखक सुचवतात. गेट्स फाउंडेशनलाही असंच वाटलं होतं. त्यांनी मोठ्या शाळा मोडून लहान करण्यावर अफाट पैसा ओतला, आणि २००९ च्या वार्षिक पत्रात बिल गेट्स यांनी स्वतःच कबूल केलं की यातल्या बऱ्याच शाळांत मुलांची प्रगती म्हणावी तशी झाली नाही. निकालांच्या यादीत लहान शाळा सर्वांत वर दिसतात हे खरं, पण त्या सर्वांत खालीही दिसतात. वर्गात मुलंच कमी असली की दोन हुशार निघाली तरी सरासरी उडी मारते आणि दोन कच्ची निघाली तरी आपटते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, एवढंच. वरच्या पाहून लेख लिहायचा आणि खालच्या पाहायच्याच नाहीत, हे तुमच्या वार्ताहराने केलं की 'सौजन्य' करणाऱ्यांनी, ते कळवावं.

जाता जाता एक. मागे माझं पत्र छापलंत त्याबद्दल आभार. मात्र 'परीक्षा रद्द करणे योग्य नाही' या माझ्या वाक्यातला 'नाही' तुमच्याकडे गळाला, आणि मी परीक्षाविरोधी ठरले. ओळखीच्या दोघांनी अभिनंदन केलं! खुलासा पाठवला होता, तो अजून आलेला नाही. तोही जागेअभावीच असणार.

हे पत्र लांबलंय, कापावं लागेल हे कळतंय. अटलांटा कापा, बूट कंपनी कापा, गेट्स यांनाही कापा. २७ आणि २६ हे दोन आकडे तेवढे ठेवा. आणि माझं नाव छापू नका. बदलूही नका.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका