जुन्या गाडीचा सायलेन्सर आणि फटाका सायलेन्सर एकच नाही

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मधे आपल्या पेपरात रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचा फोटो आला होता. बुलेटचे ते फटाके फोडणारे सायलेन्सर रस्त्यावर रांगेने मांडले आणि वरून रोलर फिरवला. फोटो बघून मला बरं वाटलं. आमच्या घरी ८१ वर्षांची आई आहे, हार्टची पेशंट, रात्री साडेअकराला धरमपेठच्या आमच्या गल्लीतून पोट्टे फाट फाट करत गेले की ती दचकून उठून बसते आणि मग पहाटेपर्यंत झोप नाही. त्यामुळे कारवाई कराच, रोज करा. पण ट्रॅफिक पोलिसांच्या त्याच मोहिमेत मलाही एका चौकात थांबवलं आणि चालान हातात दिलं, आणि ते कशावरून दिलं हे सांगायला हे पत्र लिहून राहिलो.

माझ्याकडे १९६७ ची एमजीबी आहे, वडिलांची. दोन सीटची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, इंग्लंडमधे ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे). १९६२ ते १९८० पर्यंत ५ लाखांवर एमजीबी बनल्या म्हणून आजही पार्ट मिळतात, नाहीतर आमची गाडी कधीच कबाड्याकडे गेली असती. २०२१ मधे केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचा वेगळा नियम आणला, २० हजार भरले की १० वर्षांचं रजिस्ट्रेशन, नंबरात व्हीए ही अक्षरं. ही गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. नियम चांगला आहे आणि मी तो पाळतो.

आता अशा गाडीचा सायलेन्सर का सडतो ते बघा, कारण लोकांना वाटतं पावसाने सडतो. पेट्रोल जळलं की त्यातून पाणी तयार होतं, एका लिटरमागे जवळजवळ लिटरभर, वाफ होऊन. गाडी लांब चालली की सगळी लाइन, म्हणजे इंजिनापासून मागच्या तोंडापर्यंतचा धुराचा पाइप, तापते आणि ती वाफ बाहेर निघून जाते, पण माझ्यासारखी गाडी पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं सुरू केली तर ते पाणी सायलेन्सरच्या मागच्या डब्ब्यात साचून राहतं आणि पत्रा आतून खातं. वरून रंग चांगला दिसतो. आमचा डब्बा तसाच गेला, नखाने टोचलं तर बोट आत.

पहिल्यांदा मी चूक केली. घाई होती, हिवाळ्यातली रॅली तोंडावर आली होती, म्हणून एका वर्कशॉपवाल्याकडे नेली, त्याने जुनी सगळी लाइन कापून दोन इंची पाइप टाकला आणि मागे नवाकोरा डब्बा लावला. दिसायला एकदम मस्त. पण तो डब्बा आतून रिकामा होता हो! जाळी नाही, पडदे नाहीत, ग्लासवूल नाही, नुसता पोकळ पत्रा. अडीच हजार आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) असा घुमायचा की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता यायचं नाही, आणि वेल्डिंगचा एक जोड गळत होता तो वेगळाच. टप उघडा ठेवून कामठी रोडने परत येत होतो तर बायकोचं डोकं भणभणायला लागलं, मळमळ सुरू झाली. उघडी गाडी पळते तेव्हा मागची हवा उलटी सीटकडे ओढली जाते, त्याबरोबर धूरही येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. त्या दिवशी मी घाबरलो, गाडी बाजूला घेऊन अर्धा तास झाडाखाली बसलो आणि मग हळूहळू घरी आणली. तशा गाडीबद्दल मला थांबवलं असतं तर मी निमूट चालान भरलं असतं. पण त्या महिनाभरात कोणीच थांबवलं नाही.

मग काम नीट केलं. पूर्ण सेट बाहेरून मागवला, स्टेनलेस स्टीलचा, मूळ नमुन्याचा, पावणेदोन इंची पाइप, मधला एक डब्बा आणि मागचा एक, दोन्ही आतून भरलेले. पाइप जाड घातला की गाडी पळते असं सगळे सांगतात पण ते तसं नाही, गॅसचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मरते, शिवाय कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या सुया मूळ लाइनच्या हिशोबाने असतात, त्या पण बदलाव्या लागतात.

बसवायला मोमिनपुऱ्याचे एक मेकॅनिक चाचा आले, वय सत्तरच्या वर, इंग्रजी गाड्यांवर हात बसलेला. एप्रिल होता म्हणून सकाळी सहाला सुरुवात केली, दहानंतर फरशीला हात लागत नाही. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणारा भाग, त्याखाली पाइप जोडायच्या दोन चकत्या, फ्लॅन्ज, असतात, एकेकीला तीन स्टड, म्हणजे नट बसायचे आट्यांचे दांडे, आणि ५८ वर्षं तापून गार होऊन ते सगळे एकजीव झालेले. मी पाना लावून जोर करणार तर चाचांनी हात धरला. "साब, अभी नही, स्टड टूटा तो पूरा मॅनिफोल्ड उतारना पडेगा." रात्रभर तेल सोडून ठेवलं, दुसऱ्या दिवशी गॅसने नट लाल केला, मेणबत्तीचं टोक आट्याजवळ धरलं, मेण वितळून आत ओढलं गेलं आणि मग पाना पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत सहाही नट उतरले, एकही स्टड तुटला नाही. नवे नट पितळेचे लावले, पितळ लोखंडाला धरून बसत नाही. नवीन पॅकिंग टाकलं, पाइप लटकवायचे रबराचे हँगर बदलले, पाइप कुठे टेकत नाही बघितलं. शेवटी इंजिन सुरू करून चाचांनी ओल्या गोणपाटाचा बोळा मागच्या तोंडावर दाबला, कुठे फुस्स ऐकू येते का बघायला. कुठेच नाही, इंजिन गुदमरून बंद पडलं. म्हणजे लाइन एकदम टाइट. पीयूसी एकाच झटक्यात पास.

आणि नट परत आवळायला चाचांकडे गेलो होतो, तिथून घरी येताना थांबवलं. ड्युटीवरचे साहेब खाली वाकले, चकचकीत पाइप बघितला आणि म्हणाले हा मॉडिफाइड आहे, इतक्या जुन्या गाडीचा सायलेन्सर असा चमकतो का. मी रजिस्ट्रेशन दाखवलं, सेटचं बिल दाखवलं, म्हटलं साहेब एकदा गाडी सुरू करून ऐका तरी. ऐकलं नाही. रांगेत मागे आठ-दहा पोट्टे उभे होते, त्यांचीही घाई असेल, मी समजू शकतो, ४३ डिग्रीत सिमेंट रोडवर उभं राहून ड्युटी करणं सोपं नाही.

पण साहेब, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या १२० व्या नियमात सायलेन्सरने गॅसचा आवाज शक्य तितका कमी करावा असं म्हटलंय. तो चमकतो की गंजलाय यावर काही नाही. आणि आवाज मोजायची पद्धत ठरलेली आहे, गाडी उभी ठेवून पाइपाच्या तोंडापासून अर्धा मीटरवर ४५ अंशाच्या कोनात माइक धरायचा आणि आकडा वाचायचा, पाच मिनिटांचं काम. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली आता १० हजारांपर्यंत दंड आहे, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं, एवढी शिक्षा नुसत्या नजरेने कशी ठरवायची? माझा तो पहिला पोकळ डब्बा काळ्या रंगाचा होता, साधा दिसायचा, म्हणून महिनाभर सुटला. बुलेटमधेही तेच चालू आहे, पोट्टे कंपनीचाच सायलेन्सर कापून आतली जाळी काढतात आणि परत वेल्ड करतात, बाहेरून ओरिजिनल. नजरेने तो कधीच सापडणार नाही, मीटरने लगेच सापडेल.

तेव्हा मोहिमेच्या प्रत्येक नाक्यावर एक आवाजाचा मीटर आणि तो वापरता येणारा एक माणूस ठेवावा, आणि चालानवर डेसिबलचा आकडा लिहावा, एवढी विनंती आपल्या पेपरमार्फत पोहोचवा. जुन्या गाड्या ठेवणाऱ्या आपल्या नागपूरच्या मंडळींनाही सांगतो, पोकळ डब्बा लावू नका, त्यापेक्षा वर्षभर गाडी झाकून ठेवा आणि पैसे जमवा.

काढलेला पोकळ डब्बा आणि १९६७ चा सडलेला मूळ डब्बा दोन्ही मी चाचांकडून मधोमध कापून घेतलेत. शेजारी शेजारी ठेवले की फरक लहान पोरालाही कळतो. वाहतूक शाखेला ट्रेनिंगसाठी हवे असतील तर मी स्वतः आणून देतो.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर