सूचना : वैमानिक सभासदांचा उन्हाळी उजळणी वर्ग

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता रामबागेत नेहमीच्या जागी उजळणी वर्ग आहे. लॉगबुक आणि आपण उडवता त्या विमानाचं हँडबुक सोबत आणावं.

अमेरिकेत खाजगी वैमानिकाला दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासोबत किमान १ तास जमिनीवर आणि १ तास हवेत उजळणी करावी लागते. एफएए या तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या 'विंग्ज' योजनेत ज्ञानाचे ३ आणि उड्डाणाचे ३ क्रेडिट मिळवून एक टप्पा पूर्ण केला, की ती उजळणी झाली असं धरतात. तिथे मान सरावाला आहे, एकूण तासांना नाही. मला हे फार पटतं. आपणही गटापुरतं असं प्रशस्तिपत्र सुरू करतोय. डीजीसीए या आपल्याकडच्या नियामक संस्थेच्या नियमांना मात्र तो पर्याय नाही.

वर्गात जास्तीत जास्त वेळ उन्हाळी टेकऑफला देऊ. इंदूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर. दुपारी पारा ४० वर गेला, की विमानाला हवा ५,००० फुटांवर असावी तशी विरळ लागते : धाव लांबते, वर चढणं मंदावतं. भरलेली टाकी आणि सोबत प्रवासी धरून प्रत्येकाने हँडबुकातल्या तक्त्यावरून अंतर स्वतः काढायचं. मग स्टॉल, म्हणजे पंखांची उचल अचानक कमी होणं, आणि टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडणं. कमी उंचीवर धावपट्टीकडे मागे वळायचा मोह जिवावर बेततो, त्यावर नीट बोलू.

बरेच दिवस न उडालेल्यांनी तर यावंच, संकोच नको. शुक्रवारपर्यंत गटात कळवा. पोह्यांचा अंदाज घ्यायचा आहे.