तांदूळ मोजायचा पेला

कळवा, शनिवार रात्र

प्रिय सोनू,

सलाम. पत्र हाती लागलं तरी तिसऱ्या रात्रीपर्यंत उघडू नकोस, असं वर लिहिणार होतो. पण तू गाडी कल्याणला पोचायच्या आत उघडणार हे मला माहीत आहे, तेव्हा जाऊ दे.

मम्मीने कॅम्पच्या बॅगेत दोन चादरी, ओडोमॉस, चिवड्याच्या तीन पुड्या आणि तुझं बायबल ठेवलंय. टॉर्चमध्ये नवे सेल मी घातलेत. लोणावळ्याला उतरलात की पुण्याच्या लोकलसाठी जिना चढून पलीकडे जावं लागेल, तेव्हा पोरींना आधी मोजून घे आणि मगच हल. कामशेतला उतरल्यावर परत मोज. मोजायचं ते एवढंच. बाकी मोजण्याबद्दल मला जरा बोलायचंय, म्हणून हा खटाटोप.

बारावीच्या निकालाचा विषय काढणार नाही. लागेल तेव्हा लागेल. तिथे रेंज नसते हे एका अर्थी बरंच.

सहा वर्षं तू कॅम्पला जातेस, पण यंदा पहिल्यांदा लीडर म्हणून. आठ मुलींची खोली तुझ्या ताब्यात. परवा गॅलरीत बसून तू वहीत तक्ता आखत होतीस, तो मी पाहिला. खोलीची स्वच्छता दहा मार्क, सुवर्णवचन, म्हणजे बायबलची ओळ पाठ, पाच मार्क, वेळेवर शांत वेळ, म्हणजे एकट्याने प्रार्थना, पाच मार्क, शेकोटीला उभं राहून साक्ष दिली, म्हणजे प्रभूने आयुष्य कसं बदललं ते सांगितलं, तर वेगळे दहा. रंगीत पेनांनी काढलेला तक्ता छानच दिसत होता. मी काही बोललो नाही, कारण तुझ्या वयात माझ्या वहीतही असाच तक्ता होता.

गेल्या महिन्यात पालकांच्या मीटिंगला चर्चमध्ये मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं, आठवतं? त्यासाठी मी थोडं वाचलं. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्सने 1780 च्या सुमारास संडे स्कूल सुरू केलं, ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांसाठी. त्यांना रविवारीच काय ती उसंत, म्हणून शाळा रविवारी. त्यात अक्षरओळखही होती. आपण सुट्टीत घेतो ती व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, तर न्यूयॉर्कमध्ये 1898 साली एलायझा हॉज नावाच्या बाईंनी गरीब वस्तीतल्या पोरांसाठी चालू केली, आणि जागा मिळेना म्हणून चक्क बिअरचा गुत्ता भाड्याने घेतला. हे मी सांगितलं तेव्हा महिला मंडळातल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं होतं.

पण मला सगळ्यात आवडली ती जोसाया स्पायर्सची गोष्ट. 1868 साली वेल्समध्ये लँडुडनोच्या समुद्रकिनारी हा माणूस उन्हाळ्यात फिरायला गेला होता. त्याने वाळूत ‘देव प्रीती आहे’ अशी अक्षरं काढली आणि किनाऱ्यावर खेळणाऱ्या पोरांना म्हणाला, यात शंख-शिंपले, खडे भरा. पोरं लागली कामाला. मग त्याने गोष्ट सांगितली. पुढे समुद्रकिनाऱ्यांवर मुलांसाठी जे काम उभं राहिलं त्याची सुरुवात अशी झाली. त्या दिवशी किती पोरं होती, कुणाचं अक्षर सगळ्यात सुबक भरलं, याची नोंद कुणी ठेवली नसणार. भरती आली असेल आणि सगळं धुऊन गेलं असेल.

आता माझी गोष्ट. ही तुला कधी सांगितली नाही. मम्मीलाही लग्नानंतर पाच वर्षांनी सांगितली.

1987 चा मे महिना. मी बारा वर्षांचा. आजी तेव्हा नर्स होती, तिने ओव्हरटाइमचे पैसे साठवून मला कॅम्पला पाठवलं होतं. तेव्हा पोरांसाठी पक्क्या खोल्या नव्हत्या. राहुट्या होत्या, जमिनीवर सतरंजी आणि त्यावर ज्याची त्याची वळकटी. आमच्या राहुटीत सात जण. सहा आम्ही ठाणे-मुंबईचे आणि एक मुलगा नगरकडच्या खेड्यातला, नऊ-दहा वर्षांचा. त्याची पत्र्याची पेटी होती, कुलपाच्या जागी सुतळी. बोलायचा कमी. खो-खोत मात्र कुणाच्या हाती लागायचा नाही.

रोज सकाळी आठला तपासणी व्हायची. चपला एका रेषेत, टॉवेल दोरीवर, अंथरुणाच्या घड्या सारख्या. शेवटच्या दिवशी ज्या राहुटीचे मार्क जास्त, तिला बक्षीस. दुसऱ्या दिवशी आम्ही पहिले होतो. तिसऱ्या पहाटे उठलो तर राहुटीत वास. त्या पोराने झोपेत अंथरूण ओलं केलं होतं. गोधडी नऊवारी लुगड्यांची, ठिगळं लावलेली, आणि बसून राहिला होता तिच्यावरच, कुणाला दिसू नये म्हणून.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं, असं आता वाटतं. सगळ्यांनी घड्याळाकडे बघितलं. गोधडी गुंडाळून मागच्या करवंदीच्या जाळीत टाकायची, ही कल्पना माझी. आणि त्याला सांगितलं ते वाक्यही माझं: ‘कुणी विचारलं तर तुझ्याकडे अंथरूणच नव्हतं म्हण.’ त्याने मान हलवली. स्वतःच गोधडी उचलली, स्वतःच जाळीत कोंबली. काटे टोचले असतील. हात मागे धरून तो तपासणीला उभा राहिला. आम्हाला दहापैकी दहा.

तपासणीला कॅम्पचे प्रमुख पाळकसाहेब यायचे. सत्तरीच्या आसपासचे, धोतर आणि काळा कोट, मेमध्येसुद्धा. त्यांनी सात जण मोजले, सहा वळकट्या मोजल्या, वहीत मार्क लिहिले आणि गेले.

दुपारी जेवून आलो तर झेंड्याच्या मैदानात दोरीवर दोन अंथरुणं वाळत होती. एक त्याची गोधडी, धुतलेली. आणि शेजारी पाळकसाहेबांची गादी, अर्धी भिजलेली. मोठ्या पोरांपैकी कुणीतरी विचारलंच. पाळकसाहेब म्हणाले, ‘अरे, रात्री या लेकराला पाय चेपायला बोलावलं होतं. माझ्या धक्क्याने तांब्या लवंडला. दोघांचंही अंथरूण गेलं. म्हातारपण, दुसरं काय.’ सगळे हसले. तो पोरगाही हसला, पहिल्यांदाच.

सोनू, रात्री त्याला कुणीही पाय चेपायला बोलावलं नव्हतं. तो माझ्यापासून दोन हातांवर झोपला होता. त्याच सकाळी दहा आज्ञांवर धडा घेतलेल्या माणसाने भर मैदानात, सगळ्यांसमोर थाप मारली होती. आणि थाप खरी वाटावी म्हणून स्वतःच्या गादीवर पाणी ओतलं होतं. मी पुष्कळ वर्षं यावर डोकं खाजवलंय. नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असं म्हणते. ही साक्ष शेजाऱ्याच्या बाजूने होती. हा वकिली मुद्दा झाला हे कळतं मला, पण मला तो पटतो.

त्यांनी आम्हाला काहीच विचारलं नाही. त्या रात्रीपासून तो त्यांच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर झोपायला लागला, ‘पाय चेपायला’. मी वाट बघत होतो की आज बोलावतील, उद्या बोलावतील. शेवटच्या रात्री शेकोटीला बक्षिसं झाली. सगळ्यात नीटनेटकी राहुटी आमचीच. प्रत्येकाला एक स्टीलचा पेला, त्यावर कॅम्पचं नाव आणि साल मशीनने टोचून घातलेलं. मी पुढे गेलो. त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि हात सोडला नाही. माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, तसं असतं तर सोपं होतं. मग म्हणाले, ‘नीट वापर हं.’ त्याच शेकोटीला मी उभा राहून साक्ष दिली की प्रभूने माझं जीवन बदललं. टाळ्या पडल्या. मार्कही मिळाले.

आपल्या डब्यात तांदूळ मोजायला जो पेला असतो, ज्याची अक्षरं झिजलीत, तो हा. पप्पा त्यातून पाणी का पीत नाही, असं तू लहानपणी विचारायचीस.

म्हणून तुझा तक्ता बघून मला जरा धडकी भरली. स्वच्छतेचे मार्क ठेव, हरकत नाही, पोरींना चुरस लागते आणि चपला जागेवर राहतात. सुवर्णवचनाचेही ठेव. साक्षीचे तेवढे काढून टाक. नऊ वर्षांची पोर शेकोटीजवळ रडते ती कधी येशूसाठी, कधी मम्मीच्या आठवणीने, कधी नुसती धुराने. तिला स्वतःलाच ठाऊक नसतं. रडत असली तर शेजारी बस, पाणी दे. येशूला स्वीकारायला किती हात वर झाले हे ऑफिसच्या वहीत लिहायला सांगतील, तर लिहिणाऱ्याला लिहू दे, तू मोजू नकोस.

गेल्या वर्षी तुम्ही ठाण्याच्या हुतात्म्यांची नाटिका केली होती. छान केली होती. 1321 च्या एप्रिलमध्ये आपल्या याच ठाण्यात तोलेंतिनोचा थॉमस हा ख्रिस्ती मिशनरी आणि त्याचे तीन सोबती मारले गेले, जॉर्डन नावाच्या साथीदाराने त्यांची शवं सोपाऱ्याला नेऊन पुरली, हे आपल्या पोरांना कळलंच पाहिजे. रोज तलावपाळीवरून जातो आपण आणि पत्ताच नसतो. पण थॉमस व्हायला पाच पोरं भांडत होती आणि त्याच संध्याकाळी ताटं धुवायच्या ड्यूटीला त्यातली चार गायब होती. स्टेजवर मरायला फार वेळ लागत नाही.

गाण्यांचं एक. तुम्ही गिटारवर ती उड्या मारायची इंग्लिश गाणी घेता, घ्या. पण रात्री झोपताना एक तरी टिळकांचं भजन शिकव. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, 1919 साली गेले. त्या चोवीस वर्षांत आपल्या मंडळ्यांना त्यांनी अभंगाच्या, ओवीच्या चाली दिल्या, नाहीतर आपण अजून साहेबाच्या चालीवर मराठी शब्द कोंबत बसलो असतो. आजी ती भजनं टाळ घेऊन म्हणायची. टाळ बॅगेत घातलेत, पायमोज्यात गुंडाळून, वाजू नयेत म्हणून.

आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या त्या दोघी बहिणी यंदा येताहेत ना, तुझ्या पाठी लागून आलेल्या? त्यांच्या आईने तुझ्यावर विश्वासाने सोडलंय. घरी तिची तुळस आहे, देवघर आहे, आणि आपली दिवाळीची पहिली फराळाची ताटली तिच्याकडून येते. पोरी मजा करायला येताहेत, करू देत. गोष्टी ऐकतील, गाणी म्हणतील. शेकोटीला त्यांच्याकडे कुणी खास बघायला लागलं तर मध्ये उभी राहा. कुणीही असलं तरी. तुला वाईट ठरवतील, चालेल.

करवंदं पिकली असतील. मे सरत आला आणि ढग आले तर काजवेही दिसतील. पोरींना टॉर्च बंद करायला लाव.

तुझ्या आठांमध्ये एखादी अशी असेलच. अंथरूण ओलं करणारी, नाहीतर घोरणारी, नाहीतर डोक्यात उवा असलेली, नाहीतर पहिल्यांदाच पाळी येऊन घाबरलेली. पाच वाजता तुझ्या कॉटपाशी येऊन नुसती उभी राहील, बोलणार नाही. त्यासाठी एक चादर जास्त आहे. मम्मीला वाटतं ती थंडीसाठी.

पेलाही ठेवलाय, डाव्या कप्प्यात, टाळांशेजारी. रात्री उशाशी पाणी भरून ठेव. लवंडला तर लवंडला. इथे मी वाटीने तांदूळ मोजीन.

तुझा,
पप्पा