बबे, सायकल घेच

नागपूर,
एप्रिलचा पहिला रविवार

प्रिय बबे,

तुझी बदली नागपूरला, तीही सदरच्या शाखेत! पत्र वाचल्यापासून घरात दुसरा विषय नाही. पण मनीषनगरहून सदरला सायकलने जाता येईल का, या वयात, असं तू अगदी शेवटच्या ओळीत विचारलंयस, आणि मला त्याचंच उत्तर सगळ्यात आधी द्यायचंय. येईल. नक्की येईल.

अंतर साधारण ९ किलोमीटर. बेताच्या वेगाने, म्हणजे ताशी १२-१३ किलोमीटरने, पाऊण तास धर. डोंबिवलीहून रोज लोकलमध्ये एका पायावर उभं राहून तू जे केलंस, त्यापुढे हे काहीच नाही. शिवाय आपलं शहर सपाट आहे. सेमिनरी हिल्सचा चढ आणि उड्डाणपूल सोडले, तर दम लागेल असं काही वाटेत नाही.

वर्धा रोडवर आता खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. तू पुलावर चढू नकोस, खालचा रस्ता धर. वर गाड्या सुसाट जातात आणि कडेला सरकायला जागा नसते. खालून जाण्याचा आणखी एक फायदा आहे, तो मला चालवायला लागल्यावरच कळला. सकाळी शहराकडे येताना तू रस्त्याच्या पश्चिम बाजूला असतेस आणि ऊन पूर्वेचं, म्हणून पुलाची सावली तुझ्या बाजूला पडते. संध्याकाळी परतताना बाजू बदलते, तसं ऊनही बदलतं. एवढा मोठा पूल दोन्ही वेळा आपल्याला सावली देतो. एप्रिल-मेमध्ये तेवढीही फार असते गं.

आता उन्हाचं. तुझी खरी भीती तीच आहे, आणि ती रास्त आहे. मेमध्ये ४५ अंश म्हणजे आपल्याकडे बातमी नसते. दुपारी बारा ते चार या वेळात सायकल काढायची नाही, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, तर मुळीच नाही. त्यात शौर्य नाही. पण ऑफिसला जाणारी बाई दुपारी रस्त्यावर असतेच कुठे? सकाळी साडेआठला निघालीस तर सव्वानऊला पोहोचशील. पंखा असतो, तोंड धुवायला नळ असतो, आणि साहेब येईपर्यंत तू वाळलेली असतेस. मी पर्समध्ये एक जादा कुडता ठेवते. डोक्याला-तोंडाला सुती दुपट्टा, तो आपल्या पोरी स्कूटीवर बांधतात तसाच, निघताना ओला करून. बाटलीत पाणी, आणि घरी पोहोचल्यावर मीठ-जिऱ्याचं ताक. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून जूनमध्ये आल्या आल्या सुरुवात करू नकोस. पहिला पाऊस पडू दे.

आणि ज्या दिवशी नकोच वाटेल, त्या दिवशी मेट्रो आहे. डिसेंबर २०२२ पासून पहिल्या टप्प्याचे सगळे मार्ग सुरू झालेत. तुला उज्ज्वल नगरला चढून कस्तुरचंद पार्कला उतरायचं. आपल्या मेट्रोत सायकल आत नेऊ देतात! सकाळी मेट्रोने सायकल घेऊन ये आणि संध्याकाळी ऊन कललं की चालवत घरी जा. माझ्या ओळखीची एक कॉलेजातली बाई उन्हाळाभर असंच करते.

कोण चालवतं, असंही तू विचारलंयस. सायकल म्हटलं की तुझ्या डोळ्यासमोर पहाटे हेल्मेट घालून रामटेककडे निघालेले लोक येत असतील. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आपल्याच गावच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हा मला अभिमानाने रडू आलं होतं. पण ती साधना वेगळी आणि आपलं काम वेगळं. आपल्याला डबा घेऊन ऑफिसला पोहोचायचं असतं आणि येताना भाजी आणायची असते.

तशी माणसं आता खूप दिसतात. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या एक सिस्टर आहेत, नंदनवनहून येतात, रात्रपाळी असली तर पाठीवर चमकणारी पट्टी लावून. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलेले एक काका गांधीबागेतल्या दुकानात सायकलनेच जायला लागले. एक आई मुलाला शाळेत सोडायची ती स्कूटीने, पेट्रोल शंभरच्या वर गेलं तशी दोघं दोन सायकलींवर निघतात, पोरगा पुढे आणि ही मागे, त्याच्यावर नजर ठेवून. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, तो या सगळ्यांचा कामावर जाता-येताच होऊन जातो. वेगळा वेळ काढावा लागत नाही, हे आपल्यासारख्या घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या बायकांसाठी केवढं मोठं आहे!

पण बबे, या नव्या माणसांच्या आधीपासून जे चालवत होते, ते कधी थांबलेच नव्हते. मला तुझ्याशी खरं यावरच बोलायचंय.

आमच्या ऑफिसचे शिपाई काका पिली नदीच्या पलीकडून येतात, कामठी रोडने. मी नोकरीला लागले तेव्हापासून ते सायकलनेच येताहेत. काळी, दांडीची, मागे कॅरियर, मडगार्डला लाल रबर. मी सायकल घेऊन पहिल्यांदा गेटातून आत आले, तेव्हा गार्डने ती पोर्चच्या सावलीत, साहेबांच्या गाडीशेजारी लावायला सांगितली आणि वर कौतुकही केलं. आणि काकांची सायकल? मागच्या भिंतीला, भंगाराच्या टेबलांजवळ, उन्हात. इतकी वर्षं तिथेच. सीट तापून हात लावू देत नाही. माझी सायकल म्हणजे ‘फिटनेस’ आणि त्यांची म्हणजे गरिबी, हे त्या गेटवर इतकं उघड होतं की मला दिवसभर काम सुचलं नाही. मी सायकल मागे नेऊन त्यांच्या शेजारी लावली आणि अर्ज लिहिला: सायकलींसाठी शेड आणि स्टँड, सगळ्यांसाठी एकच. पुष्कळ महिने पाठपुरावा करावा लागला. आता पत्र्याची शेड आहे. काकांच्या शेजारी माझी असते, आणि अकाउंट्समधल्या दोन मुलींनीही सायकली आणल्यात.

रस्त्यावर कसं चालवायचं हे मला काकांनीच शिकवलं. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर गाड्यांच्या मधोमध जाऊन थांबायचं नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, तिथे डाव्या कडेला सायकल वळवून उभं राहायचं, आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघायचं. मी एकदा उतावीळपणे पाय टेकून उभी होते तर म्हणाले, “काहून घाई करता मॅडम? सिग्नल तं पुन्हा येते.” व्हरायटी चौकात अजून मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. उभ्या गाड्यांच्या अगदी लगटून जायचं नाही, दार उघडलं तर तोंडावर येतं, हात-दीड हात सोडायचा. सिमेंट रोडची कड आणि बाजूला बसवलेल्या गट्टूंची, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांची, पातळी सारखी नसते, तिथे तिरकं चढायला गेलीस तर चाक घसरतं, म्हणून एक तर वरच राहा नाही तर पुढचं चाक सरळ घालून चढ. आणि पावसात लोहापुलाखाली पाणी साचलं असेल तर आत घालायची नाही, उतरून दुसऱ्या वाटेने जायचं.

आता सांग, शहरात सायकलचा रस्ता करायचा तर तो आधी कुणासाठी करावा? २०२० मध्ये केंद्राचं ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ निघालं, त्यात पुढे निवडलेल्या ११ शहरांत आपलं नागपूर होतं. मला फार आनंद झाला होता. पण नुसता पट्टा ओढून भागत नाही, त्यावर कुणीही गाडी लावून जातो. आणि सिव्हिल लाइन्समध्ये तर झाडं आहेत, रुंद रस्ते आहेत, तिथे सायकल आजही सुखाने चालते. खरी गरज आहे ती कामठी रोडला, हिंगण्याच्या एमआयडीसीकडे, पारडीकडे, जिथे पाळीला जाणारी माणसं ट्रकच्या धुळीत कडेकडेने जातात. त्या रस्त्यांवर आडोसा असलेली वेगळी वाट आणि दुतर्फा कडुनिंब लावले, तर मला, तुला, अकाउंट्सच्या मुलींना आपोआप मिळतं. उलटं होत नाही. हे मी वॉर्डाच्या सभेत बोलले आहे आणि पुन्हा बोलणार आहे. तू आलीस की आपण दोघी बोलू.

तुला आठवतं का, एम्प्रेस मिलची पाळी सुटली की रस्ता कसा सायकलींनी भरून जायचा? १८७७ ला सुरू झालेली मिल, आणि तिच्या फाटकातून बाहेर पडणारी ती माणसं. तुझे बाबा हँडलला डबा अडकवून, पँटला क्लिप लावून यायचे आणि आपण दोघी कोपऱ्यावर उभ्या असायचो, कारण तिथून घरापर्यंत ते एकीला दांडीवर, एकीला कॅरियरवर बसवायचे. पोलीस दिसला की खाली उतरवायचे आणि चालवत न्यायचे. त्यांना कधी कुणी हेल्मेट, कौतुक किंवा सावली दिली नाही, तरी ते शहर त्यांच्या सायकलीवरच चाललं होतं. तू सायकलवर सदरला जाशील तेव्हा त्यांना फार बरं वाटलं असतं.

आता खरेदीचं. गिअरच्या नादी लागू नकोस, सपाट गावात सहा-सात फार झाले, आणि एकही नसला तरी चालतं. पुढचं सस्पेन्शन नको, वजन वाढतं आणि जोर त्यात जिरतो. टायर फार जाड नको, फार बारीकही नको. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर, स्टँड, घंटी आणि मागे-पुढे दिवा हवाच. चेनकव्हर असलं की सलवार, साडी काहीही चालतं, ओढणी मात्र कमरेला बांधायची. हवा दर आठवड्याला भरून घे. पेडल जड वाटायला लागलं की बहुतेक वेळा दोष पायाचा नसतो, हवेचा असतो. सीट एवढी वर घे की पेडल खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहील. बहुतेक बायका सीट खाली ठेवतात, पाय टेकावा म्हणून, आणि मग गुडघे दुखले म्हणून सायकल सोडून देतात.

दुकानात एकटी जाऊ नकोस. इतवारीत माझ्या माहितीचे एक मिस्त्री आहेत, ते नव्या सायकलचेही छर्रे उघडून पुन्हा ग्रीस भरून देतात आणि चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढतात, तेव्हाच ती नीट चालते. त्यांना माप आधी कळवलं तर फ्रेम शोधून ठेवतील. भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभी राहा, पायांमध्ये एक वही घट्ट वर धर आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत टेप लाव. जावईबापूंना धरायला सांग, एकटीला जमत नाही. ते सेंटिमीटर मला येत्या आठवड्यात कळव, म्हणजे तू येईपर्यंत सायकल तयार असेल.

घरी सगळ्यांना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझीच,
शकू